आफ्रिकेतील मुलांच्या शाळा आणि आपला वाटा

दरवर्षी ऑक्टोबर महिन्यातील शेवटच्या आधीच्या रविवारी जगभरातील कॅथलिक ख्रिस्तसभा मिशन रविवार पाळते. आपल्याही धर्मग्रामांत त्या दिवशी मिशनकार्यासाठी विशेष दान गोळा होते, आणि धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुलेही खाऊच्या पैशांतून काही नाणी बाजूला ठेवतात. दान वेदीपाशी पोहोचले की आपल्यापैकी बहुतेकांचा त्याच्याशी संबंध संपतो. ‘या पैशाचे पुढे काय होते?’ असे विचारणे काहींना अश्रद्धेचे लक्षण वाटते. आम्हांला तसे वाटत नाही. प्रेमाने दिलेल्या दानाची चौकशीही प्रेमाने करता येते, आणि ती करणे हे श्रद्धावंतांचे कर्तव्यही आहे.

या लेखात आम्ही आफ्रिका खंडातील वंचित मुलांच्या शिक्षणासाठी चाललेल्या काही धर्मादाय भागीदाऱ्यांची ओळख करून देत आहोत. त्यांचा अभ्यास करताना एक गोष्ट आमच्या ध्यानी वारंवार आली. ज्या शाळेचा भार तेथील गाव स्वतः थोडा तरी उचलते, ती शाळा टिकते. जेथे सारे काही बाहेरून येते, तेथे बाहेरचा ओघ आटला की शाळाही आटते.

गरज किती मोठी आहे?

युनेस्कोने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार जगातील सुमारे २४ कोटी ४० लाख मुले व किशोरवयीन शाळेबाहेर होते. त्यांपैकी सुमारे ९ कोटी ८० लाख सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत होते.

याचा अर्थ आफ्रिकेतील सरकारांनी काहीच केले नाही असा नाही. मलावी देशाने १९९४ साली प्राथमिक शिक्षण मोफत केले. युगांडाने १९९७ साली, तर केनियाने २००३ साली तेच पाऊल उचलले. मलावीत तर एकाच वर्षात प्राथमिक शाळांतील मुलांची संख्या सुमारे १९ लाखांवरून ३० लाखांच्या आसपास गेली. शिकण्याची भूक किती तीव्र होती, याचा यापेक्षा वेगळा पुरावा नको.

परंतु फी माफ झाली तरी गणवेश, वह्या आणि परीक्षेचा खर्च उरतो. त्याहून मोठी अडचण म्हणजे पोट. मलावीतील बहुसंख्य कुटुंबे स्वतःच्या शेतातील मक्यावर जगतात. पीक एप्रिलच्या सुमारास हाती येते. डिसेंबर ते मार्च या काळात अनेक घरांतील कणग्या रिकाम्या असतात. अशा दिवसांत मुलाला शाळेत पाठवायचे की मजुरीला, हा प्रश्न आईवडिलांपुढे उभा राहतो. उपाशी मूल वर्गात बसले तरी फळ्यावरील अक्षरे त्याच्या मनात शिरत नाहीत. आपल्याकडे शाळेतील खिचडीने हा प्रश्न किती हलका केला, हे ग्रामीण भागात काम केलेल्या प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे.

मलावीतील लापशीचा पेला

२००२ साली मलावीत भीषण दुष्काळ पडला होता. त्या वेळी मॅग्नस मॅकफार्लेन-बॅरो नावाचे स्कॉटलंडचे एक कॅथलिक गृहस्थ तेथे मदतकार्यासाठी गेले होते. ते मूळचे मत्स्यशेती करणारे. १९९२ साली बोस्नियातील युद्धाच्या काळात त्यांनी आपल्या भावासह तेथे मदतीचे सामान पोहोचविले होते आणि त्यातूनच त्यांची संस्था उभी राहिली होती. मलावीत त्यांची भेट एका मरणासन्न मातेशी झाली. तिची सहा मुले तिच्याभोवती बसली होती. तुला आयुष्यात काय हवे, असे थोरल्या मुलाला विचारले असता त्याने दोनच गोष्टी मागितल्या: पोटभर अन्न आणि शाळेत जाण्याची संधी. तो चौदा वर्षांचा होता.

या दोन मागण्या एकत्र बांधून जे कार्य सुरू झाले, त्याला पवित्र मरियेचे नाव देण्यात आले: मेरीज मील्स. कल्पना अगदी साधी. शाळेच्या प्रत्येक दिवशी, शाळेच्या आवारात, मुलाला एक वेळचे अन्न मिळावे. अन्नासाठी मूल शाळेत येईल आणि आले की शिकेल. २००२ साली सुमारे २०० मुलांपासून आरंभ झाला. आज एकट्या मलावीत दहा लाखांहून अधिक आणि विविध देशांत मिळून वीस लाखांहून अधिक मुलांना ही संस्था शाळेच्या दिवशी जेवू घालते. २०२३च्या सुमारास एका मुलाचा वर्षभराचा खर्च २० पौंडांहून कमी, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे दोन हजार रुपये होता.

मुलांना मिळते ती मका व सोयाबीनच्या पिठाची, जीवनसत्त्वे मिसळलेली लापशी. तिला तेथे ‘लिकुनी फाला’ म्हणतात. फाला म्हणजे चिचेवा भाषेत पेज, आणि लिकुनी हे राजधानी लिलाँग्वेजवळील गाव. प्रत्येक मूल आपला प्लास्टिकचा पेला घेऊन रांगेत उभे राहते.

परंतु या योजनेचे मर्म पेल्यात नसून चुलीपाशी आहे. लापशी शिजविणारे लोक पगारी नाहीत. ते त्याच गावातील आईबाप, आज्या आणि शेजारी असतात. त्यांनी आपसांत पाळ्या लावून घेतलेल्या असतात. ज्यांची पाळी असेल ते उजाडण्यापूर्वी येऊन मोठ्या पातेल्यांखाली जाळ करतात. मलावीत अशा स्वयंसेवकांची संख्या हजारोंनी मोजावी लागते. स्वयंपाकघर व धान्याची खोली उभारतानाही गावकरी विटा पाडतात आणि श्रमदान करतात. पीठ शक्यतो त्याच देशात विकत घेतले जाते, म्हणजे तेथील शेतकऱ्यालाही त्याचा लाभ होतो. शाळा सरकारची, पिठाचा पैसा दूरदेशीच्या लहानमोठ्या दात्यांचा, आणि मेहनत गावाची, अशी ही तिहेरी भागीदारी आहे.

जी आई पहाटे उठून तीनशे मुलांची लापशी ढवळते, तिला ‘लाभार्थी’ म्हणून कसे चालेल? ती तर आपल्याइतकीच, किंबहुना आपल्याहून अधिक देणारी आहे. योहानच्या शुभवर्तमानात पाच भाकरी व दोन मासे घेऊन आलेल्या मुलाचा उल्लेख आहे. प्रभूने हजारोंना तृप्त केले, पण त्या गर्दीतीलच एका मुलाची शिदोरी हाती घेऊन. बाहेरून येणाऱ्या प्रत्येक मदतनिसाने हा प्रसंग ध्यानात ठेवावा, असे आम्हांला वाटते.

या कार्यालाही मर्यादा आहेत. अन्न मिळू लागले की मुले वाढतात आणि वर्ग मात्र तेवढेच राहतात. मलावीतील खालच्या इयत्तांत एका शिक्षकापुढे शंभराहून अधिक मुले बसलेली असणे ही नवलाची गोष्ट नाही. त्यात निसर्गाचे घाव: मार्च २०२३ मध्ये फ्रेडी चक्रीवादळाने देशाच्या दक्षिण भागाची वाताहत केली, मार्च २०२४ मध्ये अवर्षणामुळे २८ पैकी २३ जिल्ह्यांत आपत्ती जाहीर करावी लागली. पोट भरलेले मूल वर्गात आले, पण शिकवायला कोणी नाही, तर काय उपयोग? म्हणून दुसऱ्या एका देशाकडे वळणे आवश्यक आहे, जेथे ख्रिस्तसभेने शिक्षक घडविण्याचेच काम हाती घेतले.

दक्षिण सुदान: शिक्षक घडविणारे हात

दक्षिण सुदान ९ जुलै २०११ रोजी स्वतंत्र झाला. त्यापूर्वी १९८३ ते २००५ अशी बावीस वर्षे तेथे युद्ध चालले होते. एवढ्या काळात एक संपूर्ण पिढी शाळेविना वाढली, आणि जी पिढी शाळेत गेली नाही, तिच्यातून पुढच्या पिढीसाठी शिक्षक कोठून मिळणार? अनेक जुन्या शिक्षकांचे शिक्षण अरबीतून झालेले, तर नव्या देशाने शाळांसाठी इंग्रजी स्वीकारली. २०१३च्या डिसेंबरमध्ये पुन्हा यादवी पेटली.

तेथील धर्माध्यक्षांच्या विनंतीवरून जगभरातील अनेक धर्मसंघ एकत्र आले आणि त्यांनी ‘सॉलिडॅरिटी विथ साउथ सुदान’ हा संयुक्त उपक्रम सुरू केला. एरवी प्रत्येक धर्मसंघ आपापली संस्था स्वतंत्रपणे चालवितो. येथे मात्र निरनिराळ्या संघांचे व निरनिराळ्या देशांचे धर्मगुरू, धर्मबंधू आणि धर्मभगिनी एका छपराखाली राहून एकच काम करतात. याम्बिओ येथे त्यांचे अध्यापक विद्यालय आहे, आणि वाउ येथे परिचारिका व सुईणींना शिक्षण देणारी संस्था आहे. याम्बिओत वेगवेगळ्या जमातींतील तरुण-तरुणी एकत्र राहून शिकतात. ज्या जमाती बाहेर एकमेकींविरुद्ध शस्त्रे घेऊन उभ्या राहिल्या, त्यांची मुले येथे एका पंगतीत जेवतात आणि मग शिक्षक होऊन आपापल्या भागात जातात. परदेशी मिशनरी उद्या परतले तरी हे शिक्षक तेथेच राहणार आहेत.

त्याच देशातील रुम्बेक धर्मप्रांतात मुलींच्या शिक्षणाची कहाणी घडली आहे. हा गुरे पाळणाऱ्या डिंका लोकांचा प्रदेश. विवाहात वरपक्षाकडून वधूच्या घरी गुरे दिली जातात. त्यामुळे गरीब घरात वयात आलेली मुलगी शाळेत राहणे कठीण होते. तेथील धर्माध्यक्ष, कोम्बोनी मिशनरी चेझारे माझ्झोलारी यांच्या निमंत्रणावरून लोरेटो धर्मभगिनी तेथे गेल्या आणि २००८ साली त्यांनी मुलींसाठी निवासी माध्यमिक शाळा उघडली. मदर तेरेसा कोलकात्यात प्रथम ज्या संघाच्या होत्या, तोच हा लोरेटो संघ. पुढे प्राथमिक शाळेचीही जोड मिळाली. शाळेच्या कार्याची धुरा वाहणाऱ्या आयर्लंडच्या सिस्टर ओर्ला ट्रेसी यांना २०१९ साली अमेरिकन सरकारचा धैर्यवान महिलांसाठीचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

धर्माध्यक्ष माझ्झोलारी यांनी देशाचे स्वातंत्र्य पाहिले आणि एकाच आठवड्याने, १६ जुलै २०११ रोजी, पवित्र मिस्सा अर्पण करीत असताना त्यांना मृत्यू आला. त्यांच्यानंतर दीर्घ काळाने नेमले गेलेले ख्रिस्तियान कार्लास्सारे यांच्यावर एप्रिल २०२१ मध्ये, धर्माध्यक्षपदाचा दीक्षाविधी होण्यापूर्वीच, गोळीबार झाला. दोन्ही पाय जखमी झाले, तरी उपचारानंतर ते परतले आणि मार्च २०२२ मध्ये त्यांचा दीक्षाविधी झाला. पैसा पाठविणे आणि तेथे राहणे यांतील अंतर दात्याने विसरू नये, म्हणून हे सांगितले.

युगांडाचा धडा: खाट की घर?

चांगल्या हेतूने दिलेले दानही कधी मुलाचे नुकसान करू शकते, हे सांगितल्यावाचून हा विषय पुरा होणार नाही. अनाथाश्रम म्हटले की दात्याचे हृदय द्रवते. परंतु आफ्रिकेतील, आणि खरे तर जगातील, अशा संस्थांत राहणाऱ्या अनेक मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. ती मुले तेथे येतात ती प्रामुख्याने गरिबीमुळे. घरी अन्न नाही आणि फी भरण्याची ऐपत नाही. संस्थेत दोन्ही मिळते. म्हणजे शिक्षणाच्या बदल्यात मूल आपले घर गमावते. आणि दाता जितक्या खाटांसाठी पैसे देतो, तितक्या खाटा भरण्याकडे संस्थेचा कल होतो.

युगांडातील धर्मभगिनींनी या प्रश्नाकडे डोळेझाक केली नाही. २०१६ साली तेथील व्रतस्थांच्या राष्ट्रीय संघटनेने ‘कॅथलिक केअर फॉर चिल्ड्रन’ हा उपक्रम हाती घेतला. धर्मभगिनी समाजकार्याचे रीतसर शिक्षण घेऊ लागल्या. संस्थेतील प्रत्येक मुलाची माहिती नोंदविणे, त्याच्या नातलगांचा शोध घेणे, घर सुरक्षित आहे की नाही हे पाहणे, आणि शक्य असेल तेथे मुलाला आपल्या माणसांत परत नेऊन शिक्षणासाठी तेथेच साहाय्य देणे, अशी या कामाची दिशा आहे. ज्यांना खरोखरच कोणी नाही, त्यांच्यासाठी संस्थेचे दार उघडेच राहते. झांबिया व मलावी येथेही हे काम पोहोचले आहे. जी इमारत आपल्या संघाने अनेक वर्षे सांभाळली, तिचेच रूप बदलायचे, यासाठी किती नम्रता लागली असेल, याची कल्पना व्रतस्थ जीवन जवळून पाहिलेल्यांना येईल.

दीडशे वर्षांपूर्वीचा विचार

या तिन्ही उदाहरणांमागील विचार नवा नाही. संत दानिएल कोम्बोनी यांनी १८६४ साली रोममध्ये आफ्रिकेच्या नवजीवनाची एक योजना मांडली. आफ्रिकेचा उद्धार आफ्रिकेतील माणसांच्याच हातून व्हावा. बाहेरच्यांनी शिक्षक, कारागीर, धर्मगुरू व धर्मभगिनी तेथल्याच लोकांतून घडवावेत, हा तिचा गाभा होता. युरोपातील सत्ताधीश आफ्रिकेचे तुकडे वाटून घेण्याच्या तयारीत असताना एका मिशनऱ्याने हे म्हणावे, हे विशेष होय. कोम्बोनी १८८१ साली खार्टूम येथे मरण पावले. २००३ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांना संतपद बहाल केले.

मुलांच्या नाण्यांचा विचारही तितकाच जुना. फ्रान्समधील नॅन्सीचे धर्माध्यक्ष शार्ल द फोर्बिन-जान्सन यांनी १८४३ साली मुलांसाठी एक संघ स्थापिला: रोज एक छोटी प्रार्थना आणि महिन्याला एक लहान नाणे. ज्यांच्याशी बोलून त्यांना ही कल्पना सुचली, त्या लियोंच्या पोलीन जारिको यांना मे २०२२ मध्ये धन्यपद देण्यात आले. होली चाइल्डहूड किंवा मिशनरी चाइल्डहूड या नावाने आपल्या मुलांना ठाऊक असलेला संघ तो हाच.

या दानाची व्यवस्था अशी: मिशन क्षेत्रातील धर्मप्रांत आपली गरज अर्जाद्वारे कळवितो. तो अर्ज त्या देशातील पोपच्या प्रतिनिधींमार्फत रोमला जातो. तेथे सर्व देशांचे राष्ट्रीय संचालक दरवर्षी एकत्र बसून कोणाला किती द्यायचे ते ठरवितात. त्यामुळे आपल्या धर्मग्रामातील अमुक नोट अमुक शाळेत गेली, असे कोणी दाखवू शकणार नाही. सर्वांची भाकरी एका टोपलीत पडते आणि गरजेप्रमाणे वाटली जाते. देणारा आणि घेणारा अशी कायमची विभागणी त्यात नाही. भारतातील धर्मप्रांतही या टोपलीतून घेत आले आहेत.

ओघ आटतो तेव्हा

हे सारे आज अधिक महत्त्वाचे का, याचे कारण ताजे आहे. २०२५च्या आरंभी अमेरिकेने आपली परदेशी मदत रोखली आणि १ जुलै २०२५ रोजी यूएसएड ही तिची मदतसंस्था अधिकृतपणे बंद झाली. अमेरिकन धर्माध्यक्षांच्या कॅथलिक रिलीफ सर्व्हिसेस या संस्थेचे अनेक कार्यक्रम त्या निधीवर चालत होते. ते आटोपते घेण्याची वेळ आली. हजारो मैलांवरील राजधानीत झालेल्या एका निर्णयाने खेड्यातील मुलाच्या ताटातील अन्न जाऊ शकते, हे या घटनेने दाखवून दिले. सरकारी निधी घेऊ नये, असा याचा अर्थ नाही. मोठी कामे त्याविना होत नाहीत. परंतु एकाच मोठ्या झऱ्यावर विसंबलेल्या कामापेक्षा अनेक लहान ओढ्यांवर आणि गावाच्या स्वतःच्या विहिरीवर उभे राहिलेले काम अधिक सुरक्षित असते.

देण्यापूर्वी विचारावे असे काही

आफ्रिकेतील मुलांसाठी मदतीची आवाहने आज मोबाईलवर, ईमेलवर येतात. काही खरी असतात, काही नसतात. आपल्या वाचकांनी पुढील प्रश्न जरूर विचारावेत.

ही शाळा किंवा हा उपक्रम तेथील लोकांनी मागितला आहे का, की बाहेरच्या कोणी ठरविला आहे?

गावाचा त्यात कोणता वाटा आहे? श्रम, जागा, धान्य, देखरेख, काहीही असो. पण काही आहे का?

इमारतीसाठी पैसा मागितला जात असेल, तर तीत शिकविणाऱ्याचा पगार कोण देणार?

मूल आपल्या कुटुंबात राहून शिकेल, की त्याला घरापासून तोडले जाईल?

मुलाचे छायाचित्र व दुःख दाखवून पैसा मिळविला जात आहे का? आपल्या लेकराचे असे चित्र आपल्याला चालले असते का?

हिशेब कोणालाही पाहता येईल असा आहे का?

परदेशी पैसा पाठविण्याबाबत आपल्या देशात कायद्याची बंधने आहेत, हेही ध्यानात ठेवावे. अनोळखी खात्यात रक्कम भरण्यापेक्षा धर्मग्राम, धर्मप्रांत किंवा धर्मसंघ यांच्या अधिकृत मार्गाने देणे इष्ट. आफ्रिकेत सेवा करणारे भारतीय धर्मगुरू व धर्मभगिनी अनेक आहेत. त्यांच्यापैकी कोणी सुटीवर आले असतील, तर त्यांना धर्मशिक्षणाच्या वर्गात बोलवावे. त्यांच्या तोंडून ऐकलेली एका शाळेची हकीकत आमच्या लेखाहून अधिक काम करील.

महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाजाला हा विषय परका वाटू नये. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील खेडोपाडी जर्मनभाषक येशूसंघीय मिशनऱ्यांनी शाळा काढल्या, तेव्हा त्यांच्या पाठीशी युरोपातील सामान्य श्रद्धावंतांची नाणी होती. पहिल्या महायुद्धाच्या काळात जर्मन फादरांना हा देश सोडावा लागला. परंतु गावोगावी मुलांना अक्षरे गिरवायला लावणारे मास्तर इथल्याच मातीतील होते. ज्यांनी ती नाणी टाकली, त्यांनी आपले गाव कधी पाहिले नव्हते आणि त्यांची नावेही आज कोणाला ठाऊक नाहीत. आपल्या आजोबा-पणजोबांना मिळालेले ते अक्षर हे आपल्यावरील ऋण आहे. ते परत करण्याचा पत्ता आता मलावी, दक्षिण सुदान किंवा युगांडा असा असेल. आपण द्यावे, विचारपूस करून द्यावे, आणि देताना त्या पहाटेच्या चुलीपाशी बसलेल्या आईचे स्मरण आपल्या प्रार्थनेत ठेवावे.